संगणकांचा डेपो

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी रेल्वेच्या आरक्षण खिडकीपुढे ज्यांनी रांग लावली असेल, त्यांना काचेपलीकडचा तो काळा पडदा आठवत असेल. खिडकीतला बाबू खटाखट कळा दाबायचा, क्षणभर थांबायचा आणि मान वर न करता सांगायचा, 'वेटिंग चौदा.' आपल्याला वाटायचं, काय हुशार यंत्र आहे! खरं तर त्या टेबलावरच्या यंत्राला स्वतःचं असं फारसं काही येतच नव्हतं. हिशेब व्हायचा दूरच्या एका मोठ्या संगणकावर. रेल्वेची संगणकीय आरक्षण पद्धत १९८६ साली दिल्लीत सुरू झाली. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी केंद्रं झाली आणि १९९९ साली ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. आपला हा भाग दक्षिण मध्य रेल्वेतला, म्हणून आपल्याकडच्या खिडकीतल्या पडद्याचा मेंदू सिकंदराबादला.

तेव्हा यंत्र एका गावी आणि पडदा दुसऱ्या गावी, हा व्यवहार आपल्याला नवा नाही. नवं आहे ते एवढंच की, आता तारेवरून नुसती अक्षरं येत नाहीत, अख्खा डेस्कटॉप येतो. आपण वापरतो तसाच विंडोजचा पडदा, त्यावरच्या फायली, वर्ड, एक्सेल, मराठी टायपिंग, सगळं. टेबलावर असतो फक्त पडदा, कळफलक, माऊस आणि वहीएवढी एक डबी. तुम्ही कळ दाबली की ती खबर तारेवरून सर्व्हरकडे जाते, तिथे अक्षर उमटतं आणि उमटलेल्या अक्षराचं चित्र तुमच्या पडद्यावर परत येतं. हे जाणं-येणं सेकंदाच्या दहाव्या भागात झालं तर माणसाला कळतही नाही. त्याच्या तिप्पट वेळ लागला की टायपिस्ट वैतागते, कारण बोट पुढे जातं आणि अक्षर मागून येतं. याला म्हणायचं व्हर्च्युअल डेस्कटॉप. काही जण 'आभासी' म्हणतात. मला तो शब्द तितकासा पटत नाही. आभास कसला? यंत्र खरंच आहे, फक्त ते समोर नाही.

एका सर्व्हरमध्ये चाळीस जणांचे संगणक कसे मावतात, हा पुढचा प्रश्न. जुन्या वाड्यात भिंती घालून बिऱ्हाडं ठेवायचे ना, तसंच. प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी, शेजाऱ्याच्या घरात काय शिजतंय ते दिसत नाही. पण जमीन एक, आड एक. सर्व्हरवर अशा भिंती घालणारा प्रोग्राम असतो. ही कल्पनाही जुनीच. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या यंत्रांसाठी ती बाजारात आणली होती. आपल्या साध्या जातीच्या संगणकांवर तीच करामत चालवून दाखवली १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने, आणि २००८ च्या सुमारास व्हीएमवेअर आणि सिट्रिक्स या दोघांनीही कार्यालयांसाठी व्हर्च्युअल डेस्कटॉप विकायला सुरुवात केली. त्यानंतर बरीच वर्षं हे प्रकरण बड्या बँका आणि पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांपुरतंच होतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, आणि ज्यांची ही तयारी नव्हती त्यांनी कार्यालयातले संगणक टेम्पोत घालून लोकांच्या घरी पोचवले. ज्यांची तयारी होती, त्यांच्या लोकांनी घरच्या जुन्या लॅपटॉपवरून कार्यालयातला आपला पडदा उघडला. तेव्हापासून लहान संस्थाही विचारू लागल्या, 'आम्हाला जमेल का?'

या प्रश्नाचं उत्तर ज्या एका कामावर अवलंबून आहे, त्याबद्दल आज बोलतो. त्या कामाला इंग्रजीत पूल बांधणं म्हणतात. मराठीत पूल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कायगावचा गोदावरीवरचा पूल उभा राहतो. हा तो नव्हे. हा पूल म्हणजे एका साच्यातून काढलेल्या सारख्या संगणकांचा ताफा. मी गंगापूरचा, मला हे समजावताना एसटीचा डेपो बरा वाटतो. डेपोत गाड्या उभ्या असतात. चालक कामावर येतो, नियंत्रकाकडे जातो, नियंत्रक त्याला गाडी नेमून देतो. चालकाची गाडी काल एक, आज दुसरी. कुठलीही मिळाली तरी स्टेअरिंग, ब्रेक, गिअर जागच्या जागी असतात, म्हणून त्याचं अडत नाही. व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या ताफ्यातही असा एक नियंत्रक असतो. तुम्ही नाव आणि पासवर्ड दिला की तो बघतो, या माणसाला कुठल्या ताफ्यातून यंत्र द्यायचं, मोकळं कुठलं आहे, आणि तुमचा पडदा त्या यंत्राला जोडून देतो.

आता समजा, गंगापुरात एक पतसंस्था आहे. लासूर स्टेशन, वाळूज आणि शेंदूरवाद्याला तिच्या शाखा. सगळे मिळून साठ कर्मचारी. सर्व्हर आहे संभाजीनगरला. किती यंत्रांचा ताफा ठेवायचा? साठ माणसं म्हणून साठ यंत्रं, असं म्हणणारा सिस्टीमवाला पैसे वाया घालवणार. रोज चार-पाच जण रजेवर, वसुलीची माणसं दिवसभर गावोगाव फिरतात, शिपाई आणि चौकीदार पडद्यापुढे बसतच नाहीत. एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण बसतात तो आकडा धरायचा, आणि तो अंदाजाने धरायचा नाही, मोजायचा. बाजाराच्या दिवशी, दुपारी बारा वाजता, प्रत्येक शाखेत फोन करून. समजा तो छत्तीस निघाला. वर चार यंत्रं राखीव, म्हणजे चाळीस. प्रत्येकाला सहा जीबी मेमरी दिली तर दोनशे चाळीस जीबी. एका बऱ्या सर्व्हरमध्ये हे बसतं. पण तो एक सर्व्हर बसला की चारही शाखा बसल्या, म्हणून तसाच दुसरा हवा. खर्चाच्या कागदावर हा दुसरा सर्व्हर पाहून संचालक मंडळी हटकून विचारतात, 'हा कशाला?' तो वर्षातून एक दिवस उपयोगी पडतो, आणि त्या दिवशी त्याच्याइतकं मोलाचं काही नसतं.

डिस्कचा हिशेब मजेशीर आहे. विंडोज, वर्ड आणि बाकीचं सामान धरून एका यंत्राला साठ जीबी जागा लागते असं समजा. चाळीस यंत्रांना चोवीसशे जीबी. पण ही यंत्रं एकसारखीच आहेत ना? मग एकच मूळ साचा ठेवायचा आणि चाळीस जणांनी त्यातूनच वाचायचं. ज्याने जे काही बदललं, तेवढंच त्याच्या नावावर वेगळं लिहून ठेवायचं. चोवीसशेचं काम तीन-चारशेत भागतं. नवा प्रोग्राम घालायचा तर चाळीस ठिकाणी जायचं नाही. साच्यात घालायचा आणि रात्री ताफा नव्याने काढायचा. सिस्टीमवाल्याला हे इतकं आवडतं की तो इथेच फसतो. मीही फसलो होतो.

ताफा बांधताना पहिलाच प्रश्न पडद्यावर येतो तो हा : यंत्र माणसाला कायमचं नेमून द्यायचं, की रोज मिळेल ते द्यायचं? कायमचं म्हणजे स्वतःचं घर. भिंतीवर खिळा ठोका, कॅलेंडर लावा, उद्या ते तिथेच असेल. मिळेल ते, म्हणजे धर्मशाळेतली खोली. सकाळी बाहेर पडलात की झाडलोट होते आणि पुढच्या पाहुण्याला खोली कोरी मिळते. घराला जागा जास्त लागते, देखभाल जास्त लागते. प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी होत जाते. धर्मशाळा स्वस्त आणि स्वच्छ; व्हायरस शिरला तरी संध्याकाळच्या झाडलोटीत जातो. पुस्तकं आणि विक्रेते धर्मशाळेची बाजू घेतात, आणि काउंटरवरच्या कामाला ती खरोखर बरी आहे. अडचण एवढीच, की पाहुण्याला सांगावं लागतं, बाबा रे, ही धर्मशाळा आहे, सामान मागे ठेवू नकोस.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेचं काम माझ्याकडे होतं. मी सगळ्यांना धर्मशाळाच दिली. लॉगऑफ झालं की यंत्र पुसून कोरं, अशी खूण केली. लोकांच्या फायलींसाठी वेगळ्या सर्व्हरवर प्रत्येकाचं एक कपाट ठेवलं आणि 'डॉक्युमेंट्स' या फोल्डरची वाट त्या कपाटाकडे वळवली. डेस्कटॉपवर, म्हणजे समोरच्या पडद्यावरच, जे ठेवलं जातं त्याची वाट वळवायची राहिली. राहिली म्हणजे, मला ती गरजेची वाटली नाही. कोण ठेवतं पडद्यावर फायली? सगळेच ठेवतात.

तिथे एक टायपिस्ट ताई होत्या, निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेल्या. दिवस सप्टेंबरचे. सहकारी संस्थांना सप्टेंबरअखेरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते, आणि सभेच्या आधी अहवाल छापून सभासदांना पाठवावा लागतो. ताई तीन दिवस अहवाल टाइप करत होत्या. रोज संध्याकाळी काम पडद्यावर सेव्ह करायच्या आणि पडद्याचं बटण बंद करून घरी जायच्या. लॉगऑफ करायच्या नाहीत. घरचा टीव्ही बंद करावा तसं. त्यामुळे पलीकडे त्यांचं यंत्र तसंच चालू राहायचं आणि सकाळी पडदा लावला की अहवाल जिथल्या तिथे. तीन दिवस सगळं ठीक. तिसऱ्या रात्री मी साच्यात काहीतरी किरकोळ सुधारणा केली आणि ताफा नव्याने काढला. सगळी यंत्रं पुसली गेली. चौथ्या दिवशी सकाळी सव्वादहाला फोन आला, 'सर, माझं कालचं कुठंय?'

मी तिथे जाऊन बघितलं. काही शिल्लक नव्हतं. बॅकअप होता तो कपाटाचा. जे कपाटात गेलंच नाही ते बॅकअपमध्ये कुठून येणार? सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? ताई मला बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं, आपलंच काही चुकलं. शेजारच्या तरुण लिपिकाने सुनावलंही, 'ताई, लॉगऑफ करायचं असतं.' करायचं असतं हे खरं, पण त्यांनी लॉगऑफ केलं असतं तर अहवाल पहिल्याच संध्याकाळी गेला असता! चूक माझ्या खुणेत होती, आणि ती खूण करताना मी त्यांच्या टेबलाशी पाच मिनिटं उभा राहिलो नव्हतो. हे मी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. छापखाना थांबायला तयार नव्हता. हाताने लिहिलेला मसुदा नशिबाने टेबलाच्या खणात होता. त्यावरून दोघींनी मिळून दीड दिवसात पुन्हा टाइप केलं.

त्यानंतर मी तीन गोष्टी बदलल्या. डेस्कटॉपचीही वाट कपाटाकडे वळवली. हिशेब तपासणी, टायपिंग आणि सचिवांचं कार्यालय अशा सात जणांना स्वतःचं घर, म्हणजे कायमची यंत्रं दिली. आणि ताफा नव्याने काढायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाच्या पडद्यावर मराठीत सूचना यायला लागली, अमुक वाजता यंत्रं पुसली जाणार आहेत म्हणून. यातली कुठलीच गोष्ट अवघड नाही. तिन्ही मिळून एका दुपारचं काम.

पडदा बंद करणं आणि लॉगऑफ करणं यातला फरक मात्र अजून थोडा उलगडून सांगायला हवा, कारण आपल्याकडे वीज जाते. लासूरला वीज गेली की तिथला पडदा विझतो, पण संभाजीनगरच्या सर्व्हरवरचं यंत्र चालूच असतं. अर्धवट भरलेली पावती तशीच उघडी. वीज आली, पुन्हा नाव-पासवर्ड दिला, की नियंत्रक तुम्हाला तुमच्याच यंत्राशी जोडून देतो आणि पावती जिथे होती तिथून पुढे. साध्या संगणकात हे सुख नाही. पण असं सुटलेलं यंत्र किती वेळ राखून ठेवायचं, हे ताफा बांधणाऱ्याला ठरवावं लागतं. पाच मिनिटं ठेवलं तर वीज येईपर्यंत पावती गेलेली. कायम ठेवलं तर संध्याकाळी पडदा नुसता विझवून गेलेल्या वीस जणांची वीस यंत्रं रात्रभर अडकून, आणि सकाळी नव्या माणसाला उत्तर, 'यंत्र शिल्लक नाही.' आमच्याकडे आम्ही चार तास ठेवले. हा काही शास्त्रातला आकडा नव्हे, तिथली वीज साधारण किती वेळ जाते यावरून काढलेला. ताईंच्या फाइलीला मात्र चार तासांनी काही फरक पडला नसता, उलट ती लवकर गेली असती. म्हणून कपाटाची वाट आधी आणि हे तास नंतर.

आता मराठीचं बघू. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात हा भाग कधी नसतो आणि आपल्याकडे सगळं घोडं इथेच पेंड खातं. जुन्या कार्यालयांत श्रीलिपी, आयएसएम, कृतीदेव यांपैकी कशात ना कशात वर्षानुवर्षांची कागदपत्रं पडलेली असतात. शासनाने युनिकोडचा आग्रह धरला तरी जुन्या फायली जुन्याच फाँटमध्ये. तो फाँट मूळ साच्यात घातला नाही तर सभासदाचं नाव उघडताना इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसते. आणि यातल्या काही सॉफ्टवेअरना डोंगल लागायचं. संगणकाच्या पाठीमागे खोचायचं बोटाएवढं कुलूप, ते असेल तरच मराठी उमटणार. आता यंत्र जर दुसऱ्या गावी असेल तर ते कुलूप खोचायचं कशात? टेबलावरच्या डबीत खोचून ते पलीकडच्या यंत्राला दिसावं अशी सोय करता येते, पण ती ताफ्याच्या मांडणीत आधी खुली करावी लागते. डिजिटल सहीची कांडी आणि अंगठ्याचं यंत्र यांचंही तसंच. सुरक्षेसाठी म्हणून कुणीतरी ही सोय सरसकट बंद ठेवतो, आणि मग पहिल्या दिवशी काउंटरवर अंगठा लागत नाही.

कळफलकाची गोष्ट त्याहून बारीक. जुने टायपिस्ट रेमिंग्टन पद्धतीने टाइप करतात, नंतर शिकलेले इनस्क्रिप्टने, आणि कॉलेजातून आलेली मुलं इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवतात. ज्याची जी पद्धत, ती त्याच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेली असते. धर्मशाळेत प्रोफाइलही रोज पुसली जाते, ती वेगळी जपून ठेवायची सोय केली नाही तर रोज सकाळी दहाला प्रत्येक जण आपला कळफलक नव्याने लावत बसतो. दोन मिनिटांचं काम. पण रोजचं, आणि छत्तीस जणांचं. कुणी तक्रार लिहून देत नाही. फक्त महिन्याभरात सगळे म्हणायला लागतात, 'जुनं बरं होतं.'

छपाईचा एक किस्सा सांगून पुढे जातो. प्रिंटर साच्यात एकच नेमलेला होता. लासूरच्या खातेदाराने पासबुक पुढे केलं, कारकुनाने कळ दाबली, आणि कागद निघाला वाळूजला. तिथल्या मुलाने फोन करून विचारलं, 'हे कुणाचं आलंय?' माणूस कुठल्या शाखेतून आला आहे ते बघून जवळचा प्रिंटर देणं ताफ्याला शिकवता येतं. शिकवावं लागतं, एवढंच. हसण्यावारी गेलं म्हणून बरं, पण कुणाच्या खात्याची माहिती भलत्या टेबलावर जाणं ही काही हसण्यासारखी बाब नाही.

सकाळची गर्दी हीसुद्धा डेपोसारखीच. रात्री सगळी यंत्रं बंद ठेवली तर विजेची बचत, पण दहा वाजता छत्तीस जण एकदम आले की छत्तीस यंत्रं एकदम उठतात, सगळी एकाच साच्यातून वाचायला लागतात, आणि त्या झुंबडीत पहिला पडदा उघडायलाच दहा मिनिटं लागतात. बाहेर रांग असते. म्हणून साडेनवाला पाच-पाच करत यंत्रं उठवून ठेवायची, आणि दिवसभर दोन-तीन यंत्रं कायम जागी, मोकळी ठेवायची. डेपोत गाडी पहाटे तापवून ठेवतात तसं.

साच्यात बदल करताना मात्र छाती थोडी धडधडली पाहिजे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष सुधारणेने जगभरातले अंदाजे ८५ लाख विंडोज संगणक एका दिवसात निळे पडले. विमानं अडकली, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एका साच्यातून ताफा काढणाऱ्याची धास्ती नेमकी हीच, की चूक एकदा झाली की सगळीकडे झाली. उलट बाजूही आहे. कालचा साचा जपून ठेवला असेल तर यंत्रागणिक हिंडायचं नाही. जुना साचा पुढे करायचा की तासाभरात सगळं पूर्ववत. मी तीन यंत्रांचा एक छोटा ताफा वेगळा ठेवतो. बदल आधी तिथे. त्यातलं एक यंत्र मुद्दाम कुरकुर करणाऱ्या माणसाला दिलेलं असतं. दोन दिवस तो गप्प राहिला की बदल सगळ्यांना.

वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या ज्यांनी मला विचारलं, त्यांना मी वेगळं उत्तर दिलं. तिथे आराखडे काढणारी मुलं असतात, यंत्रांचे सुटे भाग पडद्यावर फिरवून बघणारी. त्यांना कारकुनी ताफ्यात बसवलं तर त्यांचं काम होत नाही आणि शेजाऱ्यांचंही होत नाही, कारण चित्र फिरवायला लागणारी ताकद सगळ्यांच्या वाट्यातून जाते. त्यांच्यासाठी ग्राफिक्स कार्ड असलेला सर्व्हर आणि स्वतंत्र ताफा. महाग पडतो. पण आराखड्याची फाइल कंपनीबाहेर जात नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर डबी जाते, आराखडा नाही. ज्यांचं पोट त्या आराखड्यावर आहे, त्यांना तो खर्च पटतो.

आता पैशाचं. स्वस्त पडतं म्हणून कुणी हे विकायला आलं तर जरा दमानं घ्या. पडदे आणि डब्या स्वस्त असतात हे खरं. पण दोन सर्व्हर, वेगवान डिस्क, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइन, नियंत्रकाच्या सॉफ्टवेअरचं भाडं, आणि व्हर्च्युअल डेस्कटॉपवर विंडोज वापरायचा वेगळा परवाना, हे सगळं मिळून वीस माणसांच्या संस्थेला साधे वीस संगणकच परवडतात. दोन लाइन यासाठी, की रस्ता रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली की अख्खी शाखा पडद्यापुढे हात जोडून बसते. भाड्याचंही बघा. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि त्याच डिसेंबरात एकदाच पैसे भरून कायमचा परवाना घ्यायची पद्धत बंद केली. पुढे डेस्कटॉपचा धंदाही वेगळा काढून विकला, तो आता ओम्निसा नावाने चालतो. ज्यांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला होता त्यांचा कागद एका महिन्यात जुना झाला. सर्व्हर न घेता सगळं मायक्रोसॉफ्टच्या किंवा अॅमेझॉनच्या यंत्रशाळेतून भाड्याने घ्यायचीही सोय आहे. तिथे मीटर चालू असतं. रात्री यंत्रं बंद करायचं विसरलात तर महिन्याच्या बिलात दिसतं.

आणखी एक मधला मार्ग आहे, तो विक्रेते स्वतःहून सांगत नाहीत. प्रत्येकाला वेगळं यंत्र न देता, एकाच विंडोज सर्व्हरवर वीस-पंचवीस जणांनी आपापल्या नावाने बसायचं. वाड्यात बिऱ्हाडं नाहीत, एकच मोठी पंगत. १९९८ पासून मायक्रोसॉफ्टकडे ही सोय आहे. काम सगळ्यांचं सारखंच असेल, नुसती पावत्यांची नोंद असेल, तर पंगतीत भागतं आणि खर्च बराच खाली येतो. एकाने सांडलं तर शेजाऱ्याच्या पानावर येतं, हा तिचा दोष.

ज्यांच्या शाखा चार गावांत विखुरलेल्या आहेत, जिथे प्रत्येक शाखेत संगणकाचा जाणकार ठेवता येत नाही, आणि ज्यांच्याकडे लोकांचे पैसे किंवा लोकांच्या आजारांची माहिती आहे, त्यांना मात्र मी हे करा असं सांगतो. करण्यापूर्वी सिस्टीमवाल्याला आठवडाभर काउंटरच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसवा. वही द्या. कोण किती वाजता येतं, कुणाची फाइल कुठे असते, कुणाच्या संगणकामागे काय खोचलेलं आहे, कोण बटण बंद करून जातं, कोण रेमिंग्टनवाला, कोण इनस्क्रिप्टवाला, वीज किती वेळा गेली. एवढं लिहून आणलं की ताफ्याच्या मांडणीतल्या पडद्यावरचे सगळे रकाने त्या वहीतून भरता येतात.

ताई पुढे निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी आपल्या कपाटातल्या सगळ्या फायली मला एका पेनड्राइव्हवर मागितल्या. पेनड्राइव्हची वाट मी सुरक्षेसाठी बंद ठेवलेली होती. सचिवांची लेखी परवानगी घेतली, त्यातल्या संस्थेच्या फायली बाजूला काढल्या, आणि उरलेल्या, म्हणजे नातवाच्या वाढदिवसाचं निमंत्रण आणि दोन-तीन पाककृती, त्यांना देऊन टाकल्या.